सर्व उमेदवारांची बहीण

परिपत्रक आलं तेव्हा स्पॅनिशच्या सरांचा मोकळा तास होता. मोकळ्या तासाला शिक्षकांच्या खोलीत बसू नये, एवढं तरी एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कळायला हवं होतं; पण माणूस चहाच्या आशेनं बसतो आणि बातमी ऐकून उठतो. गणिताच्या बाईंनी परिपत्रक हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. बाईंना सगळंच मोठ्यानं वाचायची सवय. खोकल्याच्या बाटलीवरच्या सूचनासुद्धा त्या आधी खणखणीत आवाजात वाचत आणि मगच खोकत.

शालान्त परीक्षेतली स्पॅनिशची तोंडी परीक्षा यंदापासून बदलणार होती. पाठ केलेली उत्तरं बंद. परीक्षक बाहेरून येणार. उमेदवारानं आपल्या घरच्यांचा एक फोटो आणायचा आणि त्याविषयी भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांत बोलायचं. इथवर कोणालाच काही वाटलं नाही. स्पॅनिशची परीक्षा बदलली काय किंवा बुडाली काय, ती शिकवणारा माणूस शाळेत एकच होता. मग बाईंनी चौथं कलम वाचलं.

"असे निदर्शनास आले आहे, की आपल्या केंद्रावरील सर्व उमेदवारांना गेली सव्वीस वर्षे एकच बहीण आहे. सदर बहिणीच्या डाव्या कानामागे तीळ असून ती झोपेत हसते. सदर बहिणीचे वय दरवर्षी एका वर्षाने वाढत असून, एकाही उमेदवाराने तिचे नाव सांगितलेले नाही. सबब, संबंधित शिक्षकाने सात दिवसांच्या आत लेखी खुलासा करावा."

खोलीत एकच हशा फुटला. कवायतीच्या सरांना हसता हसता उचकी लागली. चित्रकलेच्या सरांनी विचारलं, बहीण दिसायला कशी आहे आणि तिचं कुठं जमलं आहे का. स्पॅनिशचे सरही हसले. आपल्याच खुर्चीचा पाय मोडून पडलेला माणूस जसा सगळ्यांच्या आधी हसतो, तसे.

आता ही बहीण आली कुठून, ते सांगायला हवं. सर मूळचे भूगोलाचे. शाळेत परदेशी भाषा सुरू करायची ठरलं तेव्हा ती शिकायला कोणाला धाडायचं यावर सभा झाली, आणि ज्याचे तास सगळ्यांत कमी त्याला धाडा, असा निकाल लागला. भाषेची आवड वगैरे मुद्दे चर्चेला आले नाहीत. सहा महिन्यांचा वर्ग करून सर परत आले ते स्पॅनिशचे सर होऊनच. ती भाषा बोलणारा देश त्यांनी कधी पाहिला नाही, पण नकाशात तो डोळे मिटून दाखवला असता. मुलं त्यांना 'सेन्योर', म्हणजे स्पॅनिशमध्ये श्रीमान, म्हणायला लागली. दोन वर्षांत त्याचं 'सिनियर' झालं, आणि जन्मात एकदाही बढती न मिळालेला हा माणूस सगळीकडे सिनियर म्हणून ओळखला जाऊ लागला.

जुनी तोंडी परीक्षा सरळ होती. 'माझं कुटुंब' या विषयावर वीस वाक्यं पाठ करायची आणि सरांसमोर म्हणायची. सरांनी ती टेपवर घेऊन टेप मंडळाकडे पाठवायची. वीस वाक्यं अर्थात सरांनीच लिहून दिली होती. सगळ्या मुलांचे वडील इंजिनियर आणि सगळ्यांच्या आया डॉक्टर, कारण ते शब्द ऐकायला ओळखीचे. सगळ्यांच्या घरी मांजर, कारण स्पॅनिशमध्ये कुत्र्याचं नाव घ्यायचं तर जीभ टाळ्याशी थरथरवावी लागते आणि तो प्रयोग सरांनाही कधी साधला नव्हता. आणि सगळ्यांना एक बहीण.

ही बहीण कोण, हे सरांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. स्पॅनिश शिकवायला लागले त्याच्या आदल्या वर्षी सरांना मुलगी झाली होती. अकरा दिवस होती. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. नवराबायको एकमेकांना जपत राहिली आणि जपता जपता वर्षं निघून गेली. पहिल्या वर्षी ती वीस वाक्यं लिहिताना सरांच्या पेनातून आपसूक उतरलं, 'मला एक लहान बहीण आहे, ती एक वर्षाची आहे.' दुसऱ्या वर्षी तोच कागद नव्या वर्गासाठी काढला, तर तिथला 'एक' तसाच ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी 'दोन' केलं.

एकदा दोन केले की तीन करावेच लागतात. सोळाव्या वर्षी पंचाईत झाली, कारण परीक्षेला बसणारी मुलंही सोळाचीच. त्या वर्षी वर्गातल्या बावीसच्या बावीस मुलांना जुळ्या बहिणी झाल्या. सतराव्या वर्षी सरांनी 'लहान' खोडून 'मोठी' केलं. टेप ऐकणारे परीक्षक दरवर्षी बदलत, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. यंदा मंडळानं जुन्या टेपा संगणकावर चढवायला काढल्या, आणि ते काम नेमकं एका अशा माणसाच्या वाट्याला आलं, ज्याला काम नीट करायची खोड होती.

खुलाशाची बातमी सरांच्या इमारतीत त्यांच्या आधी पोचली. शेजारचे विमावाले, म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, जिन्यातच भेटले. खुलासा हा विम्याच्या दाव्यासारखा असतो, जितकं कमी लिहाल तितकं पदरात जास्त पडतं, असं त्यांचं मत होतं. सरळ छपाईची चूक म्हणून मोकळे व्हा, म्हणाले. परीक्षा तोंडी होती, असं सरांनी सांगितल्यावर ते जराही न डगमगता म्हणाले की, मग उच्चाराची चूक म्हणा. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी बहीण मान्यही करू नका आणि नाकारूही नका, असा सल्ला दिला. मुख्याध्यापिकांनी शाळेच्या नावाला धक्का लागता कामा नये, एवढंच बजावलं आणि धक्का कसा लागणार नाही, ते सरांवर सोपवलं.

सरांनी खुलासा लिहायला घेतला. 'सदर बहीण ही काल्पनिक' इथवर आले आणि हात अडला. ज्या माणसानं चोवीस देशांच्या राजधान्या पापणी न लववता फळ्यावर लिहिल्या होत्या, त्याला हे एक विशेषण कागदावर ठेववेना. शेवटी त्यांनी 'काल्पनिक' खोडून 'सरावासाठी घेतलेली' असं लिहिलं, खाली सही केली आणि बायकोला न दाखवता पाकीट टपालात टाकलं. एरवी त्यांची सगळी पत्रं बायकोच्या अक्षरात जात. सरांचं अक्षर पाहून औषधाच्या दुकानदारानं एकदा विचारलं होतं की, गोळ्या किती देऊ.

खुलासा गेला, पण परीक्षा दहा आठवड्यांवर होती आणि अकरा मुलं एका दिवसात घराविना झाली होती. इंजिनियर वडील गेले, डॉक्टर आई गेली, मांजर गेलं. आता प्रत्येकाला ज्याचं त्याचं खरं कुटुंब स्पॅनिशमध्ये बसवून द्यायचं होतं. सरांनी एक साधा तक्ता छापला: घरात कोण कोण आहे, काय करतात, पूर्वी काय करत होते, पुढे काय करणार आहेत. तिन्ही काळ आले. तक्ता त्यांना इतका आवडला की, त्यांनी त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवली. पुढे चौकशीत ती दाखवावी लागली.

कारण चार दिवसांत पालकांचा लोंढा आला. एका वडिलांना हे आयकर खात्याचं काम वाटलं आणि त्यांनी सहीनिशी लिहून दिलं की, आमच्या घरी कोणीही काहीही करत नाही. एका आईनं 'पूर्वी काय करत होते' या रकान्यात सासरच्या मंडळींविषयी चार पानं जोडली आणि यातलं शक्य तितकं परीक्षकांपर्यंत पोचवावं, अशी विनंती केली. एका मुलीचे आईवडील एका घरात राहून तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्याला पाठ्यपुस्तकात शब्द नव्हता. शब्दसूचीत 'विमानतळ' होता, 'सामान हरवणे' होतं, 'हे उपाहारगृह उघडं आहे का' होतं. बोलत नसलेल्या माणसांची सोय कोणी केलेली नव्हती.

वर्गात एक एकुलती एक मुलगी होती. तिनं आपला फोटो आणला, तीन माणसांचा, आणि तो बाकावर ठेवून बराच वेळ बघत बसली. तीन जणांवर पाच मिनिटं काय बोलायचं, असं तिनं विचारलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सर, बहीण होती तेव्हा बरं होतं."

"हो," सर म्हणाले, आणि फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग एक दिवस एक वडील थेट शिक्षकांच्या खोलीत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कातडी पिशवी. मुलानं लिहिलेला तक्ता त्यांनी सरांसमोर ठेवला. 'बाबा पूर्वी गोदामात हिशेबनीस होते. आता सकाळी डबा घेऊन निघतात आणि संध्याकाळपर्यंत बागेत बसतात.' त्यांची नोकरी आठ महिन्यांपूर्वी गेली होती आणि त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. ते भांडायला आले होते, पण भांडण कुठून सुरू करावं, ते त्यांना सुचेना.

"म्हणजे त्याला ठाऊक आहे," ते म्हणाले.

सरांनी मान हलवली. मग त्या गृहस्थांनी विचारलं, हे त्या भाषेत कसं म्हणायचं. सरांनी मुलाची वही उघडून दाखवली. बागेत बसण्याचं वाक्य मुलानं स्पॅनिशमध्ये लिहिलंच नव्हतं. त्याजागी लिहिलं होतं, 'माझे वडील काम शोधत आहेत.'

"शोधत आहेत असं लिहिलं त्यानं?"

"हो. व्याकरणही बरोबर आहे."

गृहस्थांनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि सरांना नमस्कार करून निघून गेले. तक्रार करायचं ते विसरले. पण बाकीच्यांनी लक्षात ठेवून केली, आणि मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावून विचारलं की, शाळेत भाषा शिकवली जाते की घरं फोडली जातात. सरांनी तक्त्याची प्रत पुढे केली. मुख्याध्यापिकांनी ती तशीच परत केली.

त्याच आठवड्यात मंडळाकडून पाकीट परत आलं. खुलाशावर लाल शाईत दोन त्रुटी होत्या. एक, अक्षर वाचता येत नाही. दोन, 'सरावासाठी घेतलेली' म्हणजे कोठून घेतलेली, याचा बोध होत नाही. सुवाच्य अक्षरात, सदर बहीण कोण हे स्पष्ट करून, खुलासा समक्ष सादर करावा.

अक्षर वाचता येत नसेल तर दुसरा शेरा कसा मारला, असं सरांना विचारावंसं वाटलं. पण मंडळाला प्रश्न विचारायची पद्धत नाही, तो मान मंडळाचा. मुकाट्यानं त्यांनी कागद बायकोपुढे ठेवला. बहिणीचा विनोद जिन्यातून तिच्या कानावर आला होता, तीळ मात्र जिन्यातच राहिला होता. त्या दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या बाजूला सारून तिनं चष्मा लावला, कोरा कागद घेतला आणि नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात विषय, संदर्भ, महोदय असं लिहीत गेली. संदर्भात परिपत्रकाचं चौथं कलम जसंच्या तसं उतरवायचं होतं. सर खिडकीपाशी उभे होते. पेनचा आवाज थांबला, तेव्हा त्यांना वाटलं, शाई संपली.

"तीळ उजव्या कानामागे होता," बायको म्हणाली.

सर वळले नाहीत.

"अहो, मी काय म्हणते? डावा नाही. उजवा."

सरांनी मुलीला काचेपलीकडून पाहिलं होतं. नर्सनं तिला उचलून त्यांच्याकडे तोंड करून धरलं होतं, एका बाजूला जरा कलती. आणि समोरच्या माणसाचा उजवा आपला डावा होतो, हे भूगोलाच्या माणसाला सव्वीस वर्षांत उमगलं नव्हतं. दिशा शिकवण्यात ज्याची निम्मी नोकरी गेली, त्यानं पोटच्या पोरीच्या कानाची दिशा चुकवली होती, आणि ती चूक पाचशेच्या वर मुलांकडून पाठ करून घेतली होती.

बायकोनं कलम पुन्हा वाचलं. वय दरवर्षी एका वर्षाने वाढत असून, इथं ती बोट ठेवून थांबली.

"तुम्ही तिला मोठी केलीत," ती म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीत."

"तुला त्रास होईल असं वाटलं मला."

"झाला असता. पण ती कुठं आहे, हे तरी कळलं असतं."

तिनं खुलासा पुरा लिहिला नाही. घड्या पुन्हा घालायला घेतल्या. आणि त्यानंतर चार दिवस त्या घरात जेवायला बसा, गॅस बंद करा, दार लावून घ्या, एवढीच भाषा उरली. सरांनी अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बायकोचा राग पाहिला होता. राग आला की ती भांडी आपटायची, आणि कोणतं भांडं आपटतेय त्यावरून सरांना कारण कळायचं. या खेपेला भांड्यांचा आवाजच नव्हता. कप इतके अलगद ठेवले जात होते की, सर धास्तावले. विमावाल्यांनी भिंतीला कान लावूनही काही कळेना म्हणून शेवटी दारावर येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना.

रविवारी दुपारी बायको त्यांच्या समोर येऊन बसली.

"सात वर्षांची असताना काय करत होती?"

सरांनी माळ्यावरून कागदांचं गाठोडं काढलं. दरवर्षीची वीस वाक्यं त्यांनी जपून ठेवली होती. पहिल्यापासून ते एकेक कागद मराठीत सांगू लागले. आता एक गोष्ट कबूल करायला हवी, की या मुलीचं आयुष्य तिच्या मनाप्रमाणं गेलं नव्हतं. ते अभ्यासक्रमाप्रमाणं गेलं होतं. ज्या वर्षी मंडळानं 'आरोग्य' हा घटक घातला, त्या वर्षी तिला ताप आला. 'पर्यावरण' आलं त्या वर्षी तिनं झाडं लावली. दहाव्या वर्षी ती व्हायोलिन वाजवायला लागली, कारण तो शब्द सोपा. सातव्या वर्षी ती नदीत पोहत होती.

"नदीत?" बायको म्हणाली. "सात वर्षांची पोर? कोणाला विचारून सोडलीत?"

"पोहणे हे क्रियापद घ्यायचं होतं त्या वर्षी."

"तलावात घ्यायचं. कडेकडेनं."

सरांनी पेन काढलं, नदी खोडून तलाव केलं आणि कागद आधीच्या कागदांवर ठेवला. मग बायको मध्ये मध्ये दुरुस्त्या सांगत गेली. गणितात हुशार ही झालीच नसती, तुमच्यावर गेली असती. दूध आवडत नाही हे बरोबर, मलाही आवडत नव्हतं. तेराव्या वर्षी ही सगळ्यांशी आनंदानं वागते असं काय लिहिलंय, तेराव्या वर्षी कोण आनंदानं वागतं? जुळ्या बहिणींचं वर्ष आलं तेव्हा ती हसली, बऱ्याच वर्षांनी आवाज करून हसली, आणि हसताना तिनं तोंडावर पदर धरला आणि तो बराच वेळ काढला नाही. सरांनी पुढचा कागद वर घेतला. अठराव्या वर्षी ती भूगोल शिकायला दुसऱ्या शहरात गेली होती. एकविसाव्या वर्षी तिला नोकरी लागली. लग्नाचं सरांनी काहीच लिहिलं नव्हतं.

"लग्नाचे शब्द सूचीत नाहीत," ते म्हणाले.

"नसू देत," बायको म्हणाली. "एवढी घाई काय आहे?"

दुसऱ्या दिवशी तिनं खुलासा लिहिला. सरांना दाखवला नाही. फक्त एवढंच म्हणाली की, तो द्यायला मी बरोबर येणार.

मंडळाच्या इमारतीत बारा खिडक्या होत्या आणि काम बाराव्या खिडकीचं होतं. पण बाराव्या खिडकीवर जायला तिसऱ्या खिडकीची चिठ्ठी लागत होती आणि तिसऱ्या खिडकीवरचे गृहस्थ सातव्या खिडकीवर गप्पा मारायला गेले होते. दीड तासानं सर आणि त्यांची बायको बाराव्या खिडकीसमोर उभी राहिली. आत एक उतारवयाचे कारकून होते. त्यांनी खुलासा वाचला. तो चार ओळींचा होता. वाचून त्यांनी मागच्या कपाटातून एक फॉर्म काढला. नस्ती बंद करायची तर फॉर्मवर नोंद हवी: सदर व्यक्ती वास्तविक की बनावट, नको ते खोडावे. बनावट असेल तर केंद्रावर कारवाई. वास्तविक असेल तर पुरावा.

"वास्तविक," बायको म्हणाली.

तिनं पिशवीतून एक कागद काढला. घडीच्या रेघांवर तो झिजून पारदर्शक झाला होता. रुग्णालयाचा होता. हा कागद घरात आहे, हे सरांना माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं तोही कुठल्यातरी घडीखाली होता. म्हणजे लपवालपवीच्या बाबतीत घर बरोबरीत सुटलं.

कारकुनांनी कागद वाचला. नावाच्या जागी 'स्त्री अर्भक' असं होतं. नाव काय, असं त्यांनी सवयीनं विचारलं.

"नाव ठेवायचं राहून गेलं," बायको म्हणाली. "लोकांनी नावं ठेवायचं तेवढं केलं."

कारकून वर न बघता म्हणाले, "पण बाई, यात वय अकरा दिवस आहे."

"अकरा दिवस माझ्याकडे होती," बायको म्हणाली. "पुढचं ह्यांनी केलं."

मागं रांग होती आणि रांगेतला एक माणूस घड्याळाकडे बघत होता. कारकुनांनी पेन 'वास्तविक'वर नेलं, थांबले, 'बनावट'वर नेलं, थांबले. मग त्यांनी दोन्ही शब्द खोडले आणि फॉर्मच्या तळाला, जिथं 'इतर, तपशील द्यावा' असं बारीक छापलेलं असतं आणि जे आजवर कोणी भरलेलं नसतं, तिथं लिहिलं: मुलगी.

"याची एक प्रत लागेल," ते जरा संकोचून म्हणाले. बायको कागद सोडेना. तेव्हा ते खिडकी बंद करून बाहेर आले, दोघांना पॅसेजमधल्या झेरॉक्स यंत्रापाशी घेऊन गेले आणि झाकण स्वतः उचलून उभे राहिले. कागद काचेवर तिनं आपल्या हातानं ठेवला आणि प्रकाशाची पट्टी सरकून जाईपर्यंत बोट त्याच्या कोपऱ्यावरून काढलं नाही. प्रतीत ते बोटही आलं. कारकून म्हणाले, चालेल.

केंद्राला ताकीद मिळाली आणि नस्ती बंद झाली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक तरुण परीक्षक बाई आल्या. सरांना खोलीत बसायची मनाई होती, म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसले. दार मात्र नीट लागत नव्हतं. आतून त्यांना अकरा घरं ऐकू आली, अडखळणारी, चुकलेल्या प्रत्ययांची. बोलत नसलेल्या आईवडिलांच्या मुलीनं 'माझ्या घरी शांतता आहे' असं म्हटलं, आणि बाईंनी छान म्हणून पुढचा प्रश्न घेतला. एकुलत्या एक मुलीचं बोलणं तीन मिनिटांत संपलं. भावंडं आहेत का, असं बाईंनी विचारलं तेव्हा ती इतका वेळ गप्प राहिली की, बाकावर सरांनीच श्वास धरला. मग ती 'नाही' म्हणाली. सरांना तिचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी काहीतरी हातातून सुटल्यासारखं झालं.

निकाल साधारण लागला. गेली कित्येक वर्षं सगळ्या मुलांना सारखेच गुण पडत. या वर्षी प्रत्येकाला वेगळे पडले आणि बहुतेकांना कमी. मुख्याध्यापिकांनी उतरत्या रेघेचा आलेख सरांना दाखवला. पुढच्या वर्षासाठी स्पॅनिशला तीन मुलांनी नावं दिली, त्यातल्या एकानं चुकून. विषय बंद झाला. सरांना पुन्हा भूगोल मिळाला. मधल्या काळात जग त्यांना न विचारता बदललं होतं. काही देश फुटले होते, काहींनी नावं बदलली होती, आणि सर रोज संध्याकाळी नकाशा पुढ्यात घेऊन ते मुकाट्यानं पाठ करत.

शाळेनं स्पॅनिशचं कपाट रिकामं करून मागितलं. टेप, शब्दकोश आणि उरलेले कागद एका खोक्यात भरून सर घरी आले, आणि खोकं दारात ठेवून उभे राहिले. बायको आतून आली. खोक्यात वरच यंदाचा वीस वाक्यांचा कागद होता, परिपत्रक येण्याआधी लिहिलेला आणि कोणीच न म्हटलेला.

"पुढच्या वर्षी काय करणार होती?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही," सर म्हणाले. "मी काही लिहिलं नाही. आता कोण म्हणणार आहे ते?"

बायकोनं खोकं उचललं. ते जड होतं. सरांनी एक बाजू धरली. आतल्या खोलीत तिनं आपल्या कपाटातला एक कप्पा आधीच मोकळा करून ठेवला होता. कागद ओळीनं लावता लावता ती म्हणाली,

"सव्वीस वर्षं परीक्षेला बसली बिचारी. आता राहू दे घरी."